थोरलीची गोष्ट

जुन्या गोष्टींत थोरल्याला यश लिहिलेलंच नसतं. राजाला तीन मुलं असली की पहिला वाट चुकतो, दुसरा फसतो आणि राजकन्या माळ घालते ती धाकट्याच्या गळ्यात. डायना विन जोन्स यांच्या ‘हाउल्स मूव्हिंग कॅसल’ची (१९८६) नायिका सोफी हॅटर हा नियम ब्रह्मवाक्य मानून जगते. तीन बहिणींत ती थोरली. तेव्हा टोप्यांच्या दुकानात मान मोडून शिवत बसायचं, एवढंच आपल्या नशिबी, असं तिनं स्वतःच ठरवून टाकलंय. बोलायला कुणी नाही म्हणून ती टोप्यांशीच बोलते. आपण ज्या टोपीला जे सांगतो तेच ती घालणारीच्या वाट्याला येतं, याचा तिला पत्ताही नाही.

मग एक चेटकीण दुकानात येते आणि सोफीची क्षणात म्हातारी करून जाते.

इथून ही कादंबरी वेड्यासारखी आवडू लागते. सोफी धाय मोकलून रडत बसत नाही. शाल गुंडाळते, भाकरतुकडा बांधून घेते आणि घराबाहेर पडते. गुडघे कुरकुरतात, पण जीभ मोकळी होते. डोंगरावर हिंडणाऱ्या जादूगाराच्या वाड्यात ती बिनबोलावता शिरते, चुलीतल्या अग्निराक्षसाला दटावते, जळमटं काढते. ज्याच्या नावानं गावातल्या मुली चळचळा कापतात, तो हाउल प्रत्यक्षात न्हाणीघरात तासन्‌तास नटणारा, केसांचा रंग बिघडला म्हणून हिरवा चिकट चिखल गाळत बसणारा निघतो. वाड्याच्या एकाच दारातून चार ठिकाणी जाता येतं. त्यातलं एक म्हणजे आजचं वेल्स. तिथं या महान जादूगाराला त्याची बहीण चक्क फैलावर घेते!

तरुण मुलांसाठी लिहिलेलं हे पुस्तक मी केस पिकू लागल्यावर वाचलं. सोळाव्या वर्षी वाचलं असतं, तर बहुधा हाउलच्या प्रेमात पडून मोकळी झाले असते. आता मन गुंतलं ते म्हातारीत. लोक काय म्हणतील, ही धास्ती सुटताच बाई किती ऐसपैस होते! पुढे हाउल सांगतो, की त्यानं तिच्यावरचा शाप उतरवायचा गुपचूप प्रयत्न केला होता, तो उतरेना. हे सोंग तिलाच हवंसं असावं, असा त्याचा निष्कर्ष. चेटकिणीनं शाप दिला खरा, पण थोरलीपणाचा शाप सोफीनं त्याआधीच स्वतःला देऊन ठेवला होता.

जोन्स (१९३४–२०११) स्वतः तीन बहिणींत थोरल्या. वडील पुस्तकांच्या बाबतीत कमालीचे चिक्कू. आर्थर रॅन्सम यांच्या पुस्तकांचा संच त्यांनी आणला आणि तिघींत मिळून वर्षाला एकच पुस्तक हाती ठेवलं. वाचायला काही नाही, तेव्हा थोरलीनं धाकट्यांसाठी गोष्टी लिहायला घेतल्या. पुढे ऑक्सफर्डला टॉल्किन आणि लुईस यांची व्याख्यानं त्यांनी ऐकली, पण लेखणी चालू लागली होती ती त्या बहिणींसाठी.

या कादंबरीवरचा दिग्दर्शक मियाझाकींचा २००४ चा चित्रपट देखणा आहे, पण त्याची वाट वेगळी. सोफीचा फटकळपणा हवा असेल तर पुस्तकच वाचा. घरात थोरल्या असाल, तर आधी तुम्ही वाचा. धाकट्यांना मागाहून द्या.