चांदीची मध्यस्थी

मध्यस्थाला आपल्याकडे फारसा मान नाही. लग्न जुळले, पंगती उठल्या, की त्याचे नावही कोणी काढीत नाही. मीही त्याची कधी फारशी कदर केली नव्हती. परंतु रोजच्या परिचयातल्या एका प्रयोगाने माझे हे मत पालटले.

कार्बनला चार हात असतात, असे आम्ही वर्गात सांगतो. त्यांतले दोनच गुंतले, तर जो अस्वस्थ रेणू उरतो, तो कार्बीन. 1991 साली आर्डुएंगो यांनी असा एक कार्बीन स्फटिकरूपात वेगळा करून दाखविला खरा. पण त्याच्या बहुतेक भाईबंदांना हवा आणि ओल सोसत नाही. त्यांना धातूशी थेट जोडू पाहणाऱ्याची पुरेवाट होते. 1998 साली वांग आणि लिन यांनी सोपी वाट दाखविली. इमिडॅझोलियम क्षाराच्या द्रावणात सिल्व्हर ऑक्साईडची काळी पूड घालून ते अंधारात ढवळीत ठेवावे. ऑक्साईड क्षारातला हायड्रोजन उचलून त्याचे पाणी करते, आणि मोकळा झालेला कार्बन चांदीला येऊन मिळतो. काळी पूड हळूहळू नाहीशी होते. मग पॅलॅडियमचा क्लोराईड क्षार घातला, की कार्बीन चांदीला सोडून पॅलॅडियमकडे जातो, आणि चांदी क्लोराईडला घेऊन दह्यासारखी तळाशी बसते.

गेल्या पावसाळ्यात, माझ्याजवळ चार वर्षे काम केलेली एक विद्यार्थिनी शिफारसपत्र मागावयास आली. परगावच्या एका मोठ्या प्रयोगशाळेत तिला जागा मिळण्याजोगी होती. माझे अर्धे राहिलेले संशोधन मात्र तिच्याच हातांवर उभे होते. ‘‘लिहितो,’’ असे मी म्हणालो, आणि आठ दिवस लेखणी उचलली नाही. कामाची सबब होतीच. खरे कारण मला ठाऊक होते.

नवव्या दिवशी ती हाच प्रयोग करीत होती. परीक्षकाच्या जुन्या सवयीने मी विचारले, ‘‘चांदीच का?’’

मान वर न करता ती म्हणाली, ‘‘चांदी जपण्यापुरतं धरते, सर. फार घट्ट धरणारा धातू असता, तर पुढे देताच आलं नसतं.’’

तिने केवळ रसायनशास्त्रच सांगितले होते. मी मात्र खोलीत परतून मुकाट्याने पत्र लिहावयास बसलो. आठ दिवस जे जमले नव्हते, ते अर्ध्या तासात झाले. आणि तिच्याविषयी जे लिहिले, त्यातला एकही शब्द मला वाढवून लिहावा लागला नाही.

आता ती तिकडे रुळली आहे. गाळणकागदावर उरलेला तो पांढरा साका तिने जाताना एका बाटलीत भरून, उजेडाने काळवंडू नये म्हणून बाटलीला काळा कागद गुंडाळून माझ्या कपाटात ठेवला. त्यातून चांदी परत मिळविता येते. जूनमध्ये नवा विद्यार्थी येईल, तेव्हा ती लागेल.