कव्वालाच्या डब्यातली काकडी

माझा मावसभाऊ कव्वाली पार्टीत बेंजो वाजवतो. खालूजान रेल्वेत होते, म्हणून त्याचं घर इगतपुरीला. उरुसांचा हंगाम लागला की तो महिना महिना बाहेर असतो. आज नाशिक, परवा मिरज, मग हाजी मलंग. इशाच्या नमाजनंतर मैफल बसते ती पहाटेपर्यंत. रात्री दोनला नियाजचा पुलाव, वर गोड चहा, आणि उरलेली झोप गाडीत. पंचेचाळिशीत साखर निघाली, याचं कुणाला आश्चर्य वाटलं नाही.

दोन वर्षांपासून त्यानं कच्चं खाणं आणि योगासनं धरली आहेत. डब्यात मोडाचे मूग, काकडी, गाजर, भिजवलेले शेंगदाणे. फज्र झाली की अर्धा तास आसनं आणि श्वासाचा अभ्यास, मग मुसाफिरखाना असो की दर्ग्याचं अंगण.

मोहल्ल्यात कुणीतरी विचारलंच, "आता सूर्याला नमस्कार घालणार का?" तो घालत नाही. सूर्यनमस्कार आणि मंत्र त्यानं वगळलेत, बाकी सगळं करतो. एका गावच्या आयोजकांनी मात्र त्याचा डबा पाहून तोंडभर कौतुक केलं, "खाँसाहेब, तुमच्यात असूनही शाकाहारी? कमाल आहे!" मोहल्ल्यातल्या टोमण्यापेक्षा हे 'असूनही' मला जास्त टोचलं.

कारण योग आपल्याला परका कधी होता? अल्-बिरुनीनं अकराव्या शतकात पतंजलीची योगसूत्रं अरबीत नेली. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी मराठीत लिहिलेल्या ग्रंथाचं नावच 'योगसंग्राम'. पनवेलजवळ पळस्प्याला उस्ताद झिया मोहिउद्दीन डागर यांनी गुरुकुल उभारलं. डागर घराणं धृपदाला नादयोग म्हणतं आणि पहाटेची खरजाची साधना त्याचा पाया. या घराण्याचे उस्ताद युरोपातही गाऊन-वाजवून आले. त्यांच्या साधनेला कुणी 'लाइफस्टाइल' म्हटलं नाही, एवढाच काय तो फरक.

इगतपुरीत राहून धम्मगिरीचा विचार मनात येणं साहजिकच. गोएंका गुरुजींच्या या केंद्रात 1976 पासून विपश्यनेची शिबिरं होतात. भावानं दहा दिवसांच्या शिबिराची माहिती मागवली. पहाटे चारला उठणं त्याला जड नव्हतं. तोवर तर तो जागाच असतो. पण नियमांनुसार त्या दहा दिवसांत वाद्य वाजवायचं नाही, योगासनं थांबवायची आणि आपापली उपासना, प्रार्थनाही बाजूला ठेवायची. नियम सगळ्या धर्मांना सारखा आहे, त्यात लपवाछपवी नाही. तो म्हणाला, "बेंजो ठेवला असता भाईजान, आसनंही ठेवली असती. नमाज कशी ठेवू?" अर्ज त्यानं भरला नाही. कडवटपणाही धरला नाही. तिथून शिबिर करून आलेल्या एका तबलजीशी त्याची अजून छान दोस्ती आहे.

कच्च्या खाण्याबद्दल मात्र माझं त्याच्याशी भांडण आहे. शिजवल्यानं अन्नाचा जीव जातो, हे त्याचं आवडतं वाक्य. मी म्हणतो, राजमा कच्चा खाऊन बघ, कुणाचा जीव जातो ते कळेल. गांधीजींनीही 1929 मध्ये कच्च्या अन्नाचा प्रयोग केला होता, तब्येत ढासळल्यावर सोडला. शिवाय इगतपुरीचा पाऊस! त्या दिवसांत पालेभाजी कच्ची खाणं म्हणजे जुलाबाला दावत. साखर उतरली हे खरं. त्याचं श्रेय मी मुळ्या-गाजराला कमी आणि रात्री दोनचा पुलाव सुटल्याला जास्त देतो. डॉक्टरांची गोळी त्यानं बंद केलेली नाही, म्हणून मी फार ताणत नाही.

तसं बघितलं तर पैगंबर साहेब (स.) ताजा खजूर काकडीबरोबर खात, असं हदीसमध्ये आलं आहे. पोटाचा एक भाग जेवणाला, एक पाण्याला आणि एक श्वासाला ठेवावा, हेही आहेच. हे ऐकवल्यापासून तो मैफलीआधी पोटभर जेवत नाही. पूर्वी अंतऱ्यात कोरस धरताना त्याला धाप लागायची, आता लागत नाही.

खाला अजून नाराज आहे. बकरी ईदला तिनं त्याच्यासमोर कलेजीची बशी ठेवली आणि काही न बोलता उभी राहिली. त्यानं दोन तुकडे खाल्ले. मग स्वतःच्या डब्यातली काकडी चिरून त्याच बशीत ठेवली, आणि खालानं त्यातली एक फोड उचलली.