शीच्याच्वांगहून आलेली पत्रे

सोलापूरच्या ज्या मुलांना चीन हा देश लोकसंख्येच्या आकड्यापलीकडे फारसा ठाऊक नव्हता, तीच मुले तेथील शीच्याच्वांग शहरातल्या समवयस्कांचे ईमेल ज्या उत्कंठेने उघडतात, ती पाहून आज चित्त प्रसन्न झाले. आजच्या मजकुरात, एप्रिलच्या आरंभी येणाऱ्या छिंगमिंगच्या दिवशी पूर्वजांच्या समाध्या झाडून तेथे नैवेद्य ठेवतात, ही हकीकत होती. आणि १९३८ साली काँग्रेसच्या वैद्यकीय पथकातून चीनला गेलेले, जखमी सैनिकांची शुश्रूषा करता करता ९ डिसेंबर १९४२ रोजी, अवघे ३२ वर्षांचे असताना तेथेच निवर्तलेले आमचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांच्या, त्याच शहरातील समाधीवरही लोक फुले वाहतात, हे वाचून मुलांनी प्रश्नांचा भडिमार केला.

शिष्टमंडळे आणि करारमदार आपापल्या जागी आवश्यक असतीलही. परंतु परक्या संस्कृतीशी खरा परिचय, माझ्या मते, नववर्षाच्या आदल्या रात्री सारे कुटुंब एकत्र बसून च्याओत्स, म्हणजे सारण भरलेल्या छोट्या करंज्या, कसे वळते, यांसारख्या घरगुती चौकशांतूनच अधिक होतो. उत्तरादाखल मुलांनी पितृपक्षाविषयी लिहावयास घेतले आहे. सोबत कोटणीसांच्या येथील स्मारकाची छायाचित्रेही जातील.