मेणवलीचा वाडा आणि खांबाखालचा दगड

देवदर्शनाच्या निमित्ताने तुम्ही केव्हातरी वाईला जालच. पुणे-सातारा रस्त्यावर सुरूर फाट्याला वळले की थोड्याच वेळात कृष्णाकाठचे हे गाव लागते. ढोल्या गणपतीचे दर्शन झाले, घाटावर पाय धुतले, की बहुतेक मंडळी परतीची एस.टी. धरतात. तुम्ही तसे करू नका. तिथून तीनेक किलोमीटरवर मेणवली आहे. पोराबाळांना घेऊन तेवढे पाहून या.

मेणवली हे नाना फडणविसांचे गाव. पेशवाईतल्या या मुत्सद्द्याने अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात इथे नदीकाठी वाडा बांधला, घाट बांधला. घाटावर टांगलेली मोठी घंटा पाहायला सगळे जातात. ती मूळची पोर्तुगीजांची. १७३९ साली चिमाजी आप्पांनी वसई जिंकली, त्या मोहिमेतून ती आली. तिच्यावर १७०७ हे साल आणि बाळ येशूला घेतलेल्या मेरीमातेची आकृती आहे.

घंटा जरूर पाहा. पण वाड्यात शिरल्यावर मान वर करण्याआधी जरा खाली वाका आणि खांबाच्या बुडाशी नजर टाका. लाकडी खांब मातीत पुरलेला नाही. तो दगडी तळखड्यावर उभा आहे, तळखडा जोत्यावर आहे, आणि जोते अंगणाहून उंच आहे. खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर पाट, असा सगळा डोलारा त्या दगडांनी पेलला आहे. वाईचा पाऊस काही थोडाथोडका नसतो. तरी दोनशेहून अधिक पावसाळे या वाड्याने काढले.

याचे कारण साधे आहे. लाकूड म्हणजे बारीक नळ्यांची मोळीच. कापलेल्या टोकाकडून ते पाणी पिते. ओल टिकली की बुरशी धरते, आणि मातीला टेकले की वाळवीला आयती वाट मिळते. तळखडा मध्ये आला की दोन्ही गोष्टी अवघड होतात. वाळवी दगडावरूनही चढते. पण तिला मातीची नळी बांधत यावे लागते. ती उघड्यावर दिसते आणि वेळीच बंदोबस्त करता येतो.

आता आपल्या वस्तीकडे या. कांदाचाळ, शेळ्यांचा लाकडी माचा, धान्याचे मचाण, हे सगळे जमिनीपासून उचललेलेच असते. पण पुष्कळ ठिकाणी खड्डा खणून त्यात लाकडी डांब उभा करतात आणि भोवती काँक्रीट ओततात. पक्के काम झाले असे वाटते. लाकूड वाळून आकसले की भोवती फट पडते, तिच्यात पावसाचे पाणी साचते, आणि डांब पेल्यात उभा केल्यासारखा होतो. वरून धडधाकट दिसणारा डांब जमिनीच्या कडेशी पोखरतो. ऐन भरलेल्या चाळीखाली तो मोडला, तर वर्षाचा कांदा मातीत जातो.

म्हणून बांधताना तळखड्याची रीत धरा. खड्डा काळी माती ओलांडून मुरमापर्यंत न्या. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वरचे काम हलवते. काँक्रीटचा ठोकळा जमिनीच्या वर वीतभर तरी उचला. जिथे तुळई टेकणार तो माथा सपाट हवा, आणि त्याच्या भोवतीच्या कडा बाहेर उतरत्या. सगळे माथे पाण्याच्या नळीने एका पातळीत आणा. काँक्रीटही ओल ओढते, म्हणून त्यावर डांबरी कागदाचा तुकडा ठेवा आणि मगच तुळई.

तुळईचे बूड ठोकळ्यावर पुरते टेकले पाहिजे. फट राहिली तर लाकडाची पाचर मारू नका. ती वाळते, निसटते, आणि सगळा भार एका कोपऱ्यावर येतो. लोखंडी पट्टीचा तुकडा घाला किंवा माथा सिमेंटने नीट करून घ्या. दोन तुळयांचा सांधा अधांतरी नको. तो ठोकळ्यावरच घ्या, आणि दोन्ही टोकांना चार-चार बोटे तरी टेकण राहू द्या.

मात्र एका बाबतीत मेणवलीची नुसती नक्कल पुरत नाही. वाड्याचे खांब जागचे हलत नाहीत, कारण त्यांच्या डोक्यावर मजल्याचे आणि छपराचे मोठे ओझे आहे. आपली पत्र्याची चाळ हलकी. वळवाच्या वादळात वारा तिला खालून उचलतो. म्हणून काँक्रीट ओले असतानाच त्यात जस्त चढवलेली इंग्रजी यू आकाराची लोखंडी पट्टी बसवा आणि तुळई तिला आरपार बोल्टने आवळा.

एवढे केले तरी दर पावसाळ्याआधी एकदा चाळीखाली वाका. साचलेला पालापाचोळा आणि माती झाडून काढा, नाहीतर उचललेले लाकूड पुन्हा मातीला टेकते. घरातली शाळकरी मुले हे काम हौसेने करतील. यंदा नवी चाळ घालायची असेल, तर मेणवलीला जाताना गावच्या सुताराला आणि गवंड्यालाही एस.टी.त बसवा. दोघांनी मिळून तो दगड पाहिला, म्हणजे घरी तुम्हाला फार समजावून सांगावे लागणार नाही.