अकोल्याच्या उन्हात फ्रान्सची व्हाइट

अडीच हजारांची बाटली, आणि पहिल्याच घोटाला मित्र म्हणतो, "अबे, हे तं शिळ्या सफरचंदावानी लागते!" तेव्हा माझा चेहरा खरंच पाहण्यासारखा झाला होता.

वाइन होती पिकपूल द पिने. दक्षिण फ्रान्समध्ये समुद्राला लागून एक खाऱ्या पाण्याचं सरोवर आहे, त्याच्या काठच्या द्राक्षांची. तिकडे ती कालवांबरोबर पितात. लिंबासारखी आंबट, किंचित खारट, एकदम फ्रेश! फंडा सोपा: व्हाइट स्वस्त आणि मस्त हवी तर दक्षिण फ्रान्सला जा. फक्त मी ती पुण्यात घेतली आणि ऐन मे महिन्यात डिकीत टाकून अकोल्याला नेली. बाहेर ४५ अंश. डिकीत किती असेल, देव जाणे. बूच थोडं वर सरकलेलं, कडेला चिकट ओघळ आणि फिकट हिरवट असायला हवा तो रंग पार सोनेरी. वाइन उकडली, की अशी दिसते. वास घ्यायचीही गरज नव्हती.

मग मित्राच्या फ्रिजमधून नाशिकची शेनिन ब्लां निघाली. किंमत निम्म्याहूनही कमी. किंचित गोडसर, थंडगार, आणि शेगाव कचोरीबरोबर तर झक्कास! तिखटाला थोडा गोडवाच हवा असतो.

तरी मला राहवेना. हिशेब काढला. फ्रान्समध्ये ही बाटली दहा युरोच्या आत मिळते. आपल्याकडे आयात वाइनवर वर्षानुवर्षं १५० टक्के शुल्क होतं. वर राज्याचे कर, दुकानदाराचा नफा. म्हणजे अडीच हजारांत द्राक्षांचे किती? शिवाय फ्रान्सची तोडणी ऑगस्ट-सप्टेंबरात, नाशिकची जानेवारी ते मार्च. या व्हाइट तरुणपणीच प्यायच्या. त्यामुळे लेबलवरचं साल आधी बघा, किंमत नंतर. दुकानात बाटली उन्हाच्या काचेत उभी असेल तर सरळ पुढे चला.

डिसेंबरात दुसरा चान्स मिळाला. अमरावती जिल्ह्यात वरुडला, मित्राच्या सासऱ्यांच्या संत्र्याच्या बगीच्यात. आंबिया बहार उतरत होता. मामाजींनी दोन सारखीच संत्री माझ्या हातात दिली. "बाबू, रंगावर जाऊ नोको. तोलून पाह्य." जड ते रसाळ, फुगलेलं, साल सुटलेलं ते आतून कोरडं. दिसायला मात्र तेच जास्त देखणं होतं!

या वेळी पिकपूल बर्फाच्या डब्यातून आणली होती. साल ताजं, गारवा आठ-दहा अंशांचा. कोवळा हुरडा, जवसाची चटणी आणि ती वाइन... सही! हुरड्याच्या गोडव्याला तिच्या आंबटपणानं जी धार आली, ती नाशिकच्या गोडसर शेनिनला जमली नसती. ठेचा आला तेव्हा मात्र पिकपूलनं तोंडाची नुसती आग केली. तेव्हा शेनिन हवी होती. चांगली पिकपूल सरस आहे, पण दुपटीहून जास्त पैसे देण्याइतकी सरस? वर्षातून एकदा, थंडीत, हुरड्याबरोबर हो. मे महिन्यात अकोल्यात तर कुणी फुकट दिली तरी नको.

मामाजी पीत नाहीत. त्यांनी ग्लास नाकाशी नेला, "लिंबाचा वास हाये," म्हणाले आणि किंमत विचारली. मी आठशे सांगितली. तरीही ते बराच वेळ त्या बाटलीकडे आणि मग संत्र्यांनी भरलेल्या कॅरेटकडे बघत राहिले.