घोटाघोटानं

वैद्यकीय महाविद्यालयात असताना शिकलेली बरीचशी औषधं आता मागे पडली. काहींची जागा नव्या औषधांनी घेतली, काही बाजारातूनच गेली. ओआरएसची पुडी मात्र विद्यार्थिदशेपासून आजच्या ओपीडीपर्यंत माझ्या सोबत आहे. मीठ, ग्लुकोज आणि आणखी दोन क्षार, एवढाच तिचा ऐवज. पण डॉक्टरनं नेमकं काय करायचं असतं, हे मला जाडजूड पुस्तकांपेक्षा या पुडीनं जास्त शिकवलं.

माझं शिक्षण सेवाग्रामला झालं. महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ साली, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी सुरू केली. तिथल्या नव्या विद्यार्थ्यांचे पहिले पंधरा दिवस आश्रमात जातात. प्रार्थना, सूतकताई, श्रमदान. पुढे प्रत्येक बॅच एक गाव दत्तक घेते, तिथं मुक्काम करते आणि प्रत्येकाकडे काही कुटुंबं सोपवली जातात. त्या घरांचं आजारपण, बाळंतपण, लसीकरण आपण पाहायचं.

माझ्या वाट्याच्या एका घरात आजी आणि दोन नातवंडं होती. आईबाप दिवसभर कापूस वेचायला जायचे. धाकट्याला जुलाब लागले म्हणून मी पुडी काढली आणि सांगितलं, “आजी, ही लिटरभर पाण्यात विरघळवायची.” आजी म्हणाल्या, “लिटरभर म्हणजे किती, बाई?” घरात गुंड होता, तांब्या होता, पेले होते, लिटरचं माप नव्हतं. शेवटी दूध मोजायचं माप शेजारून मागून आणलं आणि त्यांच्याच एका पातेल्यात पाणी ओतून कुठवर येतं ते पाहिलं. पातेल्याच्या कडीखालच्या खिळ्यापर्यंत आलं. “म्हणजे खिळ्यापर्यंत,” आजी म्हणाल्या आणि तेच माप ठरलं. पाणी कमी पडलं तर द्रावण खारट होऊन बाळाला अपाय होतो, म्हणून हा खिळा महत्त्वाचा. पुडी संपली तर लिटरभर पाण्यात सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चाखून पाहायचं, चव डोळ्यांतल्या पाण्यापेक्षा खारट नको.

या साध्या पाण्यामागचं शास्त्र सुंदर आहे. जुलाबात आतड्यातून पाणी आणि सोडियम वाहून जातात. नुसतं मिठाचं पाणी दिलं तर ते शोषलं जात नाही. पण सोबत ग्लुकोज असेल तर आतड्याच्या पेशी दोन्ही एकदम आत घेतात आणि मागोमाग पाणीही ओढलं जातं. कॉलऱ्यातसुद्धा ही वाट बंद होत नाही. मी शिकत असतानाच, २००२ मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेनं सूत्र बदलून मीठ आणि ग्लुकोज कमी केलं. आजच्या पुडीत २.६ ग्रॅम मीठ, १३.५ ग्रॅम ग्लुकोज, दीड ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम सायट्रेट असतं.

ही पुडी माझ्यापर्यंत आली ती डॉ. दिलीप महालनबीस यांच्यासारख्यांमुळे. १९७१ साली बांगलादेश युद्धातले निर्वासित बनगावच्या छावणीत आले, कॉलरा पसरला. रुग्ण जमिनीवर पडलेले, सलाईनचा साठा संपत आलेला. कलकत्ता मेडिकल कॉलेजमधून डॉक्टर झालेल्या या बालरोगतज्ज्ञानं मीठ-ग्लुकोजचं द्रावण पिंपांत भरून ठेवलं आणि पाजायचं काम रुग्णांच्या नातेवाइकांकडे दिलं. सुमारे तीस टक्क्यांवर असलेलं मृत्यूचं प्रमाण चार टक्क्यांच्या खाली आलं. त्यांना पद्मविभूषण मिळालं ते २०२३ मध्ये, मरणोत्तर.

ग्रामीण सेवेसाठी मी मेळघाटात गेले तेव्हा महालनबीसांच्या त्या निर्णयाचं मोल कळलं. पावसाळ्यात एक कोरकू आई मुलाला घेऊन आली. डोळे खोल गेलेले, जीभ कोरडी. पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडली तर हळूहळू खाली बसत होती. मूल मलूल होतं, पण पाणी दिसलं की हात पुढे करत होतं. अशा आठ किलोच्या मुलाला चार तासांत सहाशे मिली द्रावण द्यावं लागतं, तेही चमच्याचमच्यानं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबायचं आणि पुन्हा सुरू करायचं. आशाताईंनी तिच्या भाषेत समजावलं आणि ती माउली वाटी-चमचा घेऊन बसली. मधूनमधून जाऊन मी कातडी, नाडी तपासत होते. पहाटेच्या सुमारास मुलाला लघवी झाली, तेव्हा आशाताई आणि मी दोघी हसलो. मूल वाचवलं ते आईनं. कसं वाचवायचं ते तिला सांगणं आणि बिघडलंच तर सलाईन तयार ठेवणं, हे माझं काम होतं.

पुढे एका खासगी रुग्णालयात काही काळ काढला. तिथं जुलाबाचं बहुतेक प्रत्येक मूल सलाईनवर जायचं. पालकांचाही आग्रह असतोच, “सलाईन लावून द्या न जी.” बाटली टांगली की उपचार झाल्यासारखा वाटतो आणि बिलही होतं. मूल शॉकमध्ये किंवा बेशुद्ध असेल, उलट्या थांबतच नसतील, तर सलाईनला पर्याय नाही. पण पिऊ शकणाऱ्या मुलाला सुई टोचून आपण आईला सांगतो की तुझ्या हातात काही नाही. हे मला कधीच पटलं नाही आणि मी तिथून निघाले.

अलीकडे नवं संकट आलं होतं. ओआरएस नावानं गोड पेयं विकली जायची. जास्त साखर आतड्यात पाणी ओढते, जुलाब वाढवते. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी त्याविरुद्ध वर्षानुवर्षं झुंज दिली आणि २०२५ मध्ये अशा पेयांच्या नावात ओआरएस वापरायला एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं मनाई केली. एका डॉक्टरचं काम ओपीडीच्या दाराबाहेरही किती दूर जाऊ शकतं, ते त्यांनी दाखवलं.

माझ्या बॅचचे सोबती आज देश-विदेशात आहेत. कुणी हृदयाच्या शस्त्रक्रिया करतं, कुणी जिल्हा रुग्णालय सांभाळतं. त्यांच्या कौशल्याचा मला अभिमान आहे. शिबिरांना येणाऱ्या आजच्या विद्यार्थ्यांकडे पाहते तेव्हा मात्र एकच मागणं मनात येतं. या मुलांना रक्तदाब मोजून फॉर्म भरायला तेवढं लावू नका. त्यांना एखाद्या घरात बसू द्या, तिथल्याच भांड्यात लिटरभर पाणी मोजू द्या आणि आईच्या हातून ते बाळाला पाजून होईपर्यंत थांबू द्या. आपल्याजवळचं ज्ञान दुसऱ्याच्या हाती सोपवल्यानं डॉक्टर लहान होत नाही. उलट, जो सोपवायला शिकला त्याचा उपचार तो गावात नसतानाही चालू राहतो.