विरजण

माणसाला चाळिशीनंतर एखादा नाद लागला, तर त्याचे मूळ बहुधा बालपणात सापडते. माझ्या नादाचे मूळ मरीन ड्राइव्हवर १९५१ साली उघडलेल्या तारापोरवाला मत्स्यालयात आहे. चौथीत असताना शाळेच्या सहलीबरोबर मी तिथे गेलो, एका काचेला नाक लावून उभा राहिलो आणि गुरुजींनी कान धरून बाहेर काढीपर्यंत हललो नाही. पुढे मी स्वतःच गुरुजी झालो, चार कादंबऱ्या लिहिल्या, केस पिकले. पण काचेमागचे ते हिरवे पाणी मनातून गेले नाही. विक्रोळीच्या कन्नमवारनगरातल्या आमच्या जुन्या खोलीत माणसेच कशीबशी मावत. तिथे मासे ठेवणार कुठे?

गेल्या वर्षी अक्षय्य तृतीयेला आम्ही नव्या घरात आलो. गृहनिर्माण मंडळाची जुनी इमारत पाडून तिच्या जागी मनोरा उभा राहिला होता. तीन वर्षे भाड्याच्या जागेत काढून आम्ही परतलो ते थेट अकराव्या मजल्यावर. खिडकीतून खारफुटीचे रान दिसते, त्यापलीकडे ठाण्याची खाडी. आईने घरभर फिरून पाहिले, भिंतीवरून हात फिरवला नि म्हणाली, "छान आहे हो. पण इथे कुणाचा आवाजच येत नाही रे."

जुने शेजारी सोडतीत निरनिराळ्या मजल्यांवर विखुरले होते. काहीजण जागा विकून बदलापूरकडे गेले होते. त्यात सामानाच्या हलवाहलवीत आईचे विरजणाचे भांडे उपडे झाले. जुन्या इमारतीत असे झाले असते तर ती वाटी घेऊन शेजारी गेली असती आणि तासाभराने परतली असती. इथे तिने एकदा जिन्यापर्यंत जाऊन पाहिले. चारही दारे बंद. ती तशीच परत आली. तेव्हापासून आमच्याकडे पिशवीतले दही येऊ लागले. आई ते मुकाट्याने जेवी आणि म्हणे, "दह्यासारखे आहे."

या सगळ्याकडे माझे लक्ष असायला हवे होते. पण मी माझ्या माशांत होतो.

मे महिन्याची सुट्टी लागताच मी दोन फुटी टँक आणला. त्यात वाळू, पाणी, हवेचा पंप, स्पंजाचा फिल्टर असा सगळा थाट मांडला. आठ झेब्रा डॅनिओ आणले. निळ्या पट्ट्यांचे हे बोटाएवढे मासे आपल्याच देशातले; गंगेच्या खोऱ्यातल्या ओढ्यांत नि भातखाचरांत राहणारे. फ्रान्सिस हॅमिल्टन या स्कॉटिश डॉक्टराने गंगेतल्या माशांवर १८२२ साली ग्रंथ लिहिला, त्यात त्यांची पहिली शास्त्रीय नोंद आहे. दुकानदार म्हणाला, "मास्तर, एकदम दणकट जात. आजच सोडा, काही होत नाही." मी आजच सोडले.

चौथ्या दिवशी मासे पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकू लागले. पाचव्या दिवशी एक गेला, सहाव्या दिवशी दोन. तिसरीतली माझी मुलगी टँकपुढे बसून होती. तिने विचारले, "बाबा, पाणी तर किती स्वच्छ आहे! मग ते मेले कशाने?"

वीस वर्षे मी मुलांना उत्तरे सांगत आलो आहे. या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. माझे शास्त्राचे शिक्षण मॅट्रिकला संपले, तेही काठावर. तेव्हा मुकाट्याने पुस्तके उघडली.

मासा आपल्या कल्ल्यांतून सतत अमोनिया सोडतो. उरलेले अन्न नि विष्ठा कुजूनही अमोनियाच होतो. हे विष डोळ्यांना दिसत नाही. नदीत, तळ्यात, एवढेच काय, खिडकीखालच्या खाडीच्या चिखलातही ते खाऊन जगणारे जिवाणू असतात. एक जमात अमोनियाचे नायट्राइट करते, दुसरी त्या नायट्राइटचे नायट्रेट करते. नायट्राइटही विषच, त्याने माशाचे रक्त तपकिरी होते आणि त्याला प्राणवायू वाहून नेता येत नाही. नायट्रेट मात्र बरेचसे सोसते. ही किमया सजीवांची आहे हे श्लोझिंग आणि म्युन्झ या फ्रेंच शास्त्रज्ञांनी १८७७ साली दाखवले. सांडपाणी वाळूतून झिरपत असताना त्यांनी क्लोरोफॉर्म दिले, आणि काम थांबले! पुढे १८९० च्या सुमारास विनोग्राद्स्कीने हे जिवाणू वेगळे करून दाखवले.

नव्या टँकमध्ये यांतले कुणीच नसते. ते स्पंजावर, वाळूवर वस्ती करीपर्यंत चार ते सहा आठवडे जातात. शहाणी माणसे तेवढे दिवस टँक रिकामा ठेवून बाहेरून अमोनिया घालतात आणि मासे मागाहून आणतात. माझे मासे तर आधीच आत होते. त्यांना जगवत जगवतच पाणी तयार करायचे होते.

मग मी कामाला लागलो. रोज चौथा हिस्सा पाणी बदलायचे. नव्या पाण्यात आधी हायपोचे दोन खडे टाकायचे, म्हणजे क्लोरीन मरतो. खायला एक दिवसाआड, चिमटीभरच. पाण्यात किंचित मीठ, म्हणजे नायट्राइटची बाधा कमी होते. संध्याकाळी काचेच्या नळीत पाणी घेऊन थेंब टाकायचे. पिवळे राहिले तर बरे, हिरवे झाले तर अमोनिया. तीन आठवड्यांनी हिरवा रंग फिका पडू लागला. मला कादंबरीची आवृत्ती संपल्यासारखा आनंद झाला.

त्या आनंदात मी एक उद्योग केला. स्पंजावर तपकिरी बुळबुळीत थर साचला होता. मास्तरच्या घरी अशी घाण? मी तो नळाखाली धरला आणि चोळचोळून पांढरा शुभ्र केला.

आमच्या शेजारी भांडुपला मुंबईचे पाणी शुद्ध होते. त्यात क्लोरीन मिसळतात, म्हणून आपण पटकी-विषमज्वरापासून वाचतो. त्या क्लोरीनला बिचाऱ्या जिवाणूंतले आपले-परके काय कळणार? तीन आठवड्यांची वस्ती मी एका मिनिटात गटारात सोडली. दोन दिवसांनी नळी पुन्हा हिरवीगार झाली आणि चौथा मासा गेला.

मुलगी रडत होती. मी आईला सगळे समजावून सांगत होतो, म्हणजे खरे तर स्वतःलाच. जिवाणूंची वस्ती, त्यांची वाढ, लागणारे दिवस. आईने शांतपणे ऐकून घेतले.

"म्हणजे दहीच की रे," ती म्हणाली. "विरजणाचे भांडे घासूनपुसून लख्ख केलेस, आणि आता दही लागत नाही म्हणून रडतोस. कुणाकडून विरजण आण ना!"

मी तिच्याकडे पाहतच राहिलो. पुस्तकांत हा उपाय होता. जुन्या, मुरलेल्या टँकमधला स्पंज नव्यात पिळावा असे मी वाचलेही होते. पण आणायचा कुणाकडून? या इमारतीत मी तरी कुणाला ओळखत होतो?

मुलगीच डोळे पुसत म्हणाली, "सहाव्या मजल्यावर एका आजोबांकडे मोठ्ठा टँक आहे. लिफ्टमधून दिसतो, त्यांचे दार उघडे असते."

"उघडे असते?" आईने विचारले आणि ती चपला घालू लागली.

आम्ही तिघे खाली गेलो. ते कारखान्यातून निवृत्त झालेले गृहस्थ होते, टँक दहा वर्षांचा. त्यांनी एक शब्दही न विचारता आपला तपकिरी, ओशट स्पंज अर्धा कापला, टँकच्याच पाण्यासह पिशवीत घातला आणि म्हणाले, "सुकू देऊ नका. नळाखाली तर मुळीच धरू नका." मी मान खाली घातली.

आई मात्र स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. त्यांच्या पत्नीने कालचे दही झाकून ठेवले होते. आई जरा घुटमळली आणि म्हणाली, "अहो, चमचाभर विरजण मिळेल का?" त्या दोघींचे बोलणे संपेपर्यंत मी पिशवी हातात धरून पाऊण तास उभा होतो. माशांची काळजी होती, पण आईला हाक मारवेना.

आठवड्याभरात नळी पिवळी राहू लागली. शाळा उघडण्याच्या आदल्या संध्याकाळी अमोनिया नाही, नायट्राइट नाही. चार मासे उरले होते, ते पाण्यात धावाधाव करीत होते. मेलेले चार काही परत आले नाहीत. मुलीने त्यांचा हिशेब वहीत लिहून ठेवला आहे आणि त्यांच्या मृत्यूचे कारण म्हणून "बाबांची घाई" असे स्पष्ट नोंदवले आहे. मास्तर या नात्याने मी त्या उत्तराला पैकीच्या पैकी गुण दिले.

आमचे दार आता सकाळी दहा ते बारा उघडे असते. ते आईने ठरवले. गेल्या महिन्यात चौदाव्या मजल्यावरची एक नवी नवरी दारात येऊन उभी राहिली. हातात रिकामी वाटी होती. मला वाटले, स्पंज हवा असेल. मी लगबगीने उठलो.

"तू बस रे," आई म्हणाली, "ती माझ्याकडे आली आहे."